सिस्टरचे मासे, बाळचं छत

हॉस्पिटलातून निवृत्त झाली तरी तिला सगळे सिस्टरच म्हणत. दूधवाला म्हणे, वाणी म्हणे, आणि खालच्या मजल्यावर राहणारा तिचा सख्खा धाकटा भाऊसुद्धा पाठीमागे ‘सिस्टर आली’, ‘सिस्टर गेली’ असंच म्हणे. तोंडावर मात्र ताई. तेही बोलायची वेळ आलीच तर. आणि ती येऊ नये याची काळजी दोन्ही मजले घेत.

जन्मभर तिने वॉर्ड सांभाळला होता. माणसाचं दुखणं तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळे, पण गोड शब्द तिच्या तोंडून कधी कुणी ऐकला नाही. ‘रडून सुई लहान होत नाही,’ हे तिचं ठरलेलं वाक्य. नवे डॉक्टर तिला वचकून असत, पेशंटचे नातेवाईक तिच्या चपलांचा आवाज ओळखत, आणि बरे होऊन घरी गेलेले लोक वर्षानुवर्षं तिची नक्कल करून पाहुण्यांना हसवत. लग्न तिने केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणे, ‘दिवसभर चाळीस जणांची दुखणी काढते. घरी एकेचाळिसावा कशाला?’

घर वडिलांचं होतं. दुमजली, जुनं, वरचा मजला म्हणजे लाकडी तुळयांवर ठोकलेल्या फळ्या. वर सिस्टर, खाली बाळ. बाळ म्हणजे तोच धाकटा भाऊ. पन्नाशी उलटली, टक्कल पडलं, विम्याच्या ऑफिसात हाताखाली माणसं आली, तरी घरातलं नाव बाळच राहिलं. वडील शेवटची काही वर्षं वर अंथरुणाला खिळून होते. सिस्टर एका ड्यूटीवरून यायची आणि दुसरी सुरू करायची. बाळ रविवारी वर यायचा, पाहुण्यासारखा खुर्चीच्या टोकाला टेकायचा, ‘बाबा, आज बरे दिसताय’ म्हणायचा आणि निघायचा. नेमकी त्याच दिवसांत बाळच्या बायकोला मोठ्या हॉलची हौस आली. तिने नवऱ्यामागे लकडा लावला आणि खालच्या दोन खोल्यांमधली भिंत पाडून घेतली. वर म्हातारा धुळीने खोकून खोकून जांभळा पडत होता आणि खाली घणाचे घाव बसत होते. सिस्टर जिन्यातून ओरडली, ‘अरे, बाप मरायची तरी वाट बघा!’

तिथून बोलणं तुटलं ते तुटलंच. वडील गेल्यावर बाळचं म्हणणं पडलं, एकट्या जिवाला अख्खा मजला कशाला? सिस्टरचं म्हणणं, ज्याने बापाचं भांडं एकदाही रिकामं केलं नाही त्याने मजल्याची भाषा करू नये. नणंद-भावजयीचं तर विळ्या-भोपळ्याचं सख्य. तिघंही एकमेकांना पाण्यात पाहत. वर सिस्टर चालू लागली की खाली हॉलमधलं झुंबर किणकिणायचं. मग बाळ झाडूच्या दांड्याने छत ठोकायचा आणि सिस्टर टाच आपटून पोच द्यायची. ‘वन्संनी वर हत्ती पाळलाय,’ असं भावजय गल्लीभर सांगत फिरे. सिस्टर अंगाने काडी होती. पण गल्लीत कुणी हिशेब करायला बसत नाही.

अशा घरात फिश टँक आला.

हॉस्पिटलात मुलांच्या विभागात, वाट बघणाऱ्यांच्या बाकांसमोर, माणसाहून लांब असा एक फिश टँक होता. दुरुस्ती निघाली तेव्हा तो काढून टाकायचं ठरलं. सिस्टर त्या दिवशी पेन्शनच्या कामाला तिथे गेली होती. एक माणूस पाइप घेऊन पाणी उपसत होता.

‘कुठे नेणार हे?’ तिने विचारलं.

‘टाकी भंगारात, मासे गटारात.’

सिस्टरने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पाइप खाली ठेवला. ‘दोन्ही माझ्या घरी न्या,’ ती म्हणाली.

का, ते तिलाही सांगता आलं नसतं. नोकरीत असताना त्या माशांपुढे ती क्षणभर थांबली नव्हती. पण हातपाय झाडणारं पोर त्या काचेसमोर नेऊन उभं केलं की गप्प होतं, हे तिने कितीदा तरी पाहिलं होतं. शिवाय मासे बेल वाजवत नाहीत, आणि ‘सिस्टर, मी वाचेन ना?’ असं विचारत नाहीत.

टाकीचा लोखंडी स्टँड हॉस्पिटलच्या भिंतीत पक्का बसवलेला होता, तो तिथेच राहिला. नुसती काचेची पेटी हमालांनी घरी आणली. जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बाळ आडवा उभा.

‘हे काय?’

‘टाकी.’

‘ते दिसतंय. कुठे चाललीय?’

‘वर. तुझ्या डोक्यावर.’

‘ताई, पाणी भरल्यावर याचं वजन किती होईल, काही कल्पना? एका लिटरचं एक किलो. त्यात काच, वाळू, दगड. टनाच्या घरात जाईल. माझ्या हॉलवर तू मोटार उभी करतेयस.’

‘हॉल तुझ्या बायकोने केला, तेव्हा मला विचारलं होतं?’

‘खाली माणसं राहतात!’

‘असं? मला वाटलं झाडूचे दांडे राहतात.’

हमालांपैकी एकजण फिसकन हसला. बाळ बाजूला झाला. तो बोलला ते खोटं नव्हतं, हे सिस्टरला तिथेच कळलं होतं. पण तो बोलला म्हणूनच तिला ते पटवून घ्यायचं नव्हतं.

तिने टाकी पुढच्या खोलीत, वडिलांच्या जुन्या शिसवी कपाटावर ठेवली. बैठं, रुंद, चांगलं जाडजूड कपाट. मासे विकणाऱ्या दुकानदाराने सांगितलं होतं, ‘काचेला खालून सगळीकडे सारखा आधार पाहिजे. एक कोपरा अधांतरी राहिला की तडकलीच म्हणून समजा.’ तिने कपाट घासून सपाट केलं, वर जाड प्लायवूड टाकलं, त्यावर थर्माकोलचा थर दिला, मग टाकी. कपाटाची तिने नाडी तपासली, ताप पाहिला, सगळं पाहिलं. कपाट ज्यावर उभं होतं त्या फळ्यांकडे मात्र नजर टाकली नाही.

नळाला पाइप लावून ती स्टुलावर बसली. पाणी चढत गेलं. निम्म्यावर आलं तेव्हा तिला काहीतरी खटकलं. आधी वाटलं, चष्म्याचा दोष. चष्मा पुसून पाहिला. टाकीच्या खिडकीकडच्या टोकाला पाणी एका रेघेवर होतं आणि खोलीच्या मधल्या बाजूला त्याहून दोन बोटं वर. पाणी कधी तिरकं उभं राहत नाही. टाकीच तिरकी झाली होती. आणि कपाट तर सरकलं नव्हतं; खचली होती ती त्याखालची जमीन.

तेवढ्यात खालून किंकाळी आली. पाठोपाठ जिन्यावर धाडधाड पावलं, आणि दारात भावजय. केसांत पांढरा चुना, हातात प्लास्टरचा पोळीएवढा तुकडा.

‘वन्सं, जीव घ्यायचाय का आमचा? एकदाच काय तो सांगून टाका! हे सोफ्यावर पडलं. मी अर्धा हात इकडे बसले असते तर?’

‘तर सोफा वाचला असता.’

‘स्वयंपाकघराचं दार उघडत नाहीये! चौकटीत आवळून बसलंय! छत खाली आलंय, छत!’

सिस्टरने उत्तर तयार ठेवलं होतं, पण ते तिच्या तोंडातच राहिलं. पायाखालची फळी हळूच कण्हली होती. भावजयीनेही तो आवाज ऐकला. सिस्टरच्या अंगात तेव्हा वॉर्ड संचारला.

‘मागे हो. भिंतीच्या कडेने जा. खाली जाऊन बाळला हॉलमधून बाहेर काढ. धावू नकोस, पाय आपटू नकोस. जा!’

तिने नळ बंद केला, पाइपचं एक टोक टाकीत बुडवलं, दुसरं तोंडाने ओढून खिडकीबाहेर सोडलं. पाणी धो धो खाली गेलं. खाली बाळची मोटार उभी होती, काचा उघड्या. वाळूमिश्रित पाणी नेमकं ड्रायव्हरच्या सीटवर पडू लागलं. बाळ अंगणातून बोंबलत होता, ‘ताई! गाडी! अगं गाडी!’ तिने पाहिलं. पाइप हातभर सरकवला असता तर चाललं असतं. तिने तो सरकवला नाही.

दुसऱ्या दिवशी बाळने आपल्या ऑफिसच्या ओळखीतली एक इंजिनिअरबाई आणली. इमारती तपासणं हाच तिचा धंदा. बाळला तिच्याकडून एकच गोष्ट हवी होती: ताईने घर मोडलं, असं तिने सांगावं. तो जिन्यापासूनच सुरू झाला. ‘मॅडम, यांनी कुणालाही न विचारता—’

‘तुमचं भांडण ऐकायला मी आलेली नाही,’ इंजिनिअरबाई म्हणाली. ‘छत उघडायचंय. शिडी आहे?’

ती हसत नव्हती, चहाला नाही म्हणाली, आणि भावजयीने ‘सोफ्यावर पाय नका देऊ हं’ म्हटल्यावर तिने सोफाच ढकलून बाजूला केला. सिस्टरला ती पाहताक्षणी आवडली. खूप वर्षांनी सिस्टर खालच्या घरात उभी होती. भिंतींना गुलाबी रंग, मध्ये ते झुंबर, आणि जिथे पूर्वी आईचं शिलाई मशीन असायचं तिथे आरसा.

छताचं प्लास्टर थोडं फोडून इंजिनिअरबाईने टॉर्च मारला. तुळयांची टोकं हाताने चाचपली. मग शिडीवरूनच म्हणाली, ‘इथे भिंत होती ना?’

‘होती,’ बाळ म्हणाला.

‘कुणी काढली?’

सिस्टरनेच सांगितलं, ‘यांनी. हौसेने.’

‘वरच्या तुळया अखंड नाहीत. दोन्हीकडून येतात आणि त्यांची टोकं इथे, त्या भिंतीवर टेकलेली होती. म्हणजे वरच्या मजल्याचा भार त्या भिंतीवर होता. ती काढून खाली हे आडवं लाकूड टाकलंय. दाराच्या चौकटीला वापरतात तसलं. ते मधोमध चिरलंय. चीर जुनी आहे, आत धूळ बसलीय. टाकीने ती फक्त रुंद केली.’

‘म्हणजे टाकी नसती तर—’ बाळने सुरुवात केली.

‘टाकी नसती तर आणखी काही वर्षं तुम्हाला कळलं नसतं. मग एखाद्या दिवशी वर चार पाहुणे बसले असते आणि कळलं असतं. वरची जमीन चालताना हलत नव्हती?’

सिस्टरने बाळकडे पाहिलं. ‘हलत होती,’ ती म्हणाली. ‘मी हत्ती आहे ना.’

भावजय मात्र नवऱ्याकडे टक लावून पाहत होती. तिचा आवाज एकदम बारीक झाला. ‘अहो, तो मिस्त्री तेव्हा काहीतरी म्हणाला होता. लोखंडी गर्डर टाका म्हणाला होता. मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, मिस्त्री लोकांना काम वाढवायची सवयच असते.’

‘मग तुलाच घाई होती ना! पाहुणे यायच्या आत हॉल पाहिजे, हॉल पाहिजे—’

‘मला हॉल पाहिजे होता! छत डोक्यावर पाहिजे होतं, अंगावर नव्हतं पाहिजे!’

‘बाबा वर होते,’ सिस्टर म्हणाली. ‘त्याच लाकडावर. मी त्यांना उचलून खुर्चीत बसवायचे, तेव्हा दोघांचा भार त्या लाकडावर असायचा. आणि तुला माहीत होतं.’

जन्मात पहिल्यांदा बहिणीसमोर बाळने मान खाली घातली. सिस्टरला वाटलं होतं, असा क्षण आला की जिवाला गार वाटेल. तसं काही झालं नाही. तळपायापासून राग चढला, इतका की तिला तिथे उभं राहवेना. ती मागच्या जिन्याने वर गेली आणि माशांपाशी बसली. मासे आणल्यापासून न्हाणीघरात, कपडे भिजवायच्या मोठ्या टबात होते. दोन उलटे होऊन तरंगत होते.

तिने जिन्यातून खाली हाक मारली, ‘दोन गेले. तुझ्या हॉलपायी.’

खालून दार आपटल्याचा आवाज आला. पण झाडूचा दांडा वाजला नाही. वाजवणार कुठे? इंजिनिअरबाईने हॉलमध्ये पाऊल टाकायलाच मनाई केली होती.

त्या मनाईचा दुसरा परिणाम कुणाच्या ध्यानात आला नव्हता. खालच्या स्वयंपाकघरात जायला हॉलमधूनच वाट होती. काम संपेपर्यंत खालच्यांना चूल नाही. वरचं स्वयंपाकघर मागच्या बाजूला होतं आणि सुरक्षित होतं. भावजय ताठ मानेने वर आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, ‘मी विनंती करायला आलेली नाही.’

‘मी मान्य करायला बसलेली नाही,’ सिस्टर म्हणाली. ‘गॅसचा डावा बर्नर नीट पेटत नाही. उजवा वापर.’

मग त्या स्वयंपाकघरात जे युद्ध झालं त्यापुढे वॉर्डातल्या रोगांच्या साथी काहीच नव्हत्या. भावजयीने डबे उंचीप्रमाणे लावले, सिस्टरने ते पुन्हा वापराप्रमाणे लावले. सिस्टर म्हणे मीठ जास्त, भावजय म्हणे तुमच्या जिभेला गोड कधी लागलंय? जेवायला तिघं एका टेबलाशी बसत, कारण टेबल एकच होतं. खाली लोहार गर्डर कापायचे, त्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू जात नसे, आणि बहुधा म्हणूनच जेवणं पार पडत. एकदा आवाज अचानक थांबला आणि भावजयीचं वाक्य उघडं पडलं: ‘...म्हाताऱ्यांचं एवढं करूनसुद्धा या बाईचा स्वभाव...’ सिस्टरने पुढचा घास घेतला. ‘पूर्ण कर,’ ती म्हणाली. ‘अर्धवट शिवी पचत नाही.’

हॉलच्या मधोमध दोन लोखंडी खांब उभे राहिले, त्यांवर आडवा गर्डर, गर्डरवर तुळयांची टोकं. भावजयीने खांब पाहिले आणि ढसाढसा रडली. एवढ्या हौसेचा हॉल, आता एखाद्या गोदामासारखा. तिने इंजिनिअरबाईला विचारलं, खांब भिंतीकडे सरकवता येतील का? ‘येतील. पण मग गर्डर याच्या दुप्पट जाड लागेल, आणि बाजूच्या भिंतींचा पायाही उकरून बघावा लागेल,’ असं उत्तर मिळालं. खांब राहिले.

टाकी पूर्वीच्या जागी परत ठेवायला इंजिनिअरबाईने साफ नकार दिला. ‘बाहेरच्या भिंतीला लागून ठेवा. जिथे तुळया भिंतीत शिरतात तिथे, आणि तुळयांना आडवी. म्हणजे भार एकदोन तुळयांवर न पडता सगळ्यांवर वाटला जाईल आणि सरळ भिंतीत उतरेल.’ पुढच्या खोलीत त्या भिंतीला खिडक्या होत्या. मोकळी भिंत एकाच खोलीत होती, वडिलांच्या. तिथे त्यांची लोखंडी कॉट होती, गादी गुंडाळलेली, तशीच.

सिस्टर एका बाजूने कॉट उचलू लागली. एकटीने हलेना. तिने हाक मारली नव्हती, पण फळ्यांवर घासल्याचा आवाज ऐकून बाळ वर आला आणि दुसरं टोक धरलं.

‘तिरकी कर,’ तो म्हणाला.

‘मी हॉस्पिटलात कॉटा हलवल्यात. तू तिरकी कर.’

‘दाराची चौकट लागेल.’

‘लागू दे. चौकटी मोडण्यात आपलं घराणं पुढे आहे.’

कॉट दारातून बाहेर पडली. बाळ दम खात तिथेच उभा राहिला. रिकाम्या जागेकडे पाहत तो म्हणाला, ‘मला वर यायची भीती वाटायची, ताई. त्यांना तसं बघायची.’

सिस्टरने कॉटवरची धूळ झटकली. ‘मलाही वाटायची,’ ती म्हणाली. ‘पण मला सुट्टी नव्हती.’ आणि यापलीकडे तिने त्याला काही दिलं नाही.

लोहाराकडून नवा स्टँड बनून आला. त्याच्या पायांखाली लांब लाकडी फळी, म्हणजे चार पाय चार ठिकाणी टोचणार नाहीत. वर प्लायवूड, थर्माकोल, टाकी. इंजिनिअरबाईने बजावलं होतं, पाणी एकदम भरायचं नाही. थोडं भरा, थांबा, बघा, मग पुढे. आणि खाली एक माणूस छताकडे बघत उभा पाहिजे. तो माणूस अर्थातच बाळ. खिडक्या उघड्या ठेवून दोन मजल्यांचं बोलणं सुरू झालं.

‘सोडते!’

‘सोड!’

पाव टाकी भरली.

‘काय दिसतंय?’

‘काही नाही!’

‘नीट बघ! बायकोला बघायला लाव, तिला दोष लवकर दिसतात!’

‘वन्सं, मला ऐकू येतंय!’ खालून भावजय.

अर्धी भरली. सिस्टरने काचेवर दोन्ही टोकांना मेणाच्या खडूने खूण केली होती. दोन्हीकडे पाणी खुणेवर, केसाचाही फरक नाही. ती उगीच पुन्हा पुन्हा वाकून बघत राहिली.

‘थांब!’ बाळ ओरडला.

तिने पाइप पिळून धरला. ‘काय झालं?’

‘...काही नाही. कोळी आहे. सोड.’

‘मूर्ख!’

शेवटच्या टप्प्याला तिने टबातले उरलेले मासे जाळीने एकेक करून सोडले. ते आधी कोपऱ्यात दबा धरून राहिले. मग एक मोठा, शेपटी फाटलेला, टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि वळला. सिस्टर स्टुलावर बसली. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं असेल, तर ते बघायला खोलीत कुणी नव्हतं.

‘ताई, भरली का?’ खालून बाळ.

‘भरली!’

‘छत जागेवर आहे!’

‘असायलाच पाहिजे!’

‘मग आता नळ बंद कर ना! ही अंगाला साबण लावून बसलीय, आमच्याकडे थेंब येत नाहीये!’

सिस्टर उठली. टाकीतला पाइप तिने काढला. मग त्याच पाइपच्या पाण्याने बादली धुतली, टब विसळला, न्हाणीघराची फरशी कोपऱ्याकोपऱ्यातून घासून काढली. आणि मग नळ बंद केला.